आपल्याला नवा रवीश नको आहे

३० नोव्हेंबर २०२२ ला रवीश कुमार यांनी एनडीटीव्हीचा राजीनामा दिला, तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मय्यतीचं वातावरण होतं. सगळ्यांचा एकच प्रश्न: आता आपल्या बाजूने कोण बोलणार? थोड्याच दिवसांत लिंका फिरायला लागल्या. रवीश यांचं यूट्यूब चॅनेल सबस्क्राइब करा. मग ध्रुव राठीचा व्हिडिओ बघा. मग आणखी कुणाचा तरी. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपर्यंत शोक पार विसरला गेला होता आणि जल्लोष सुरू झाला होता. टीव्ही मेला, यूट्यूब जिंकलं, आता आपल्यालाही आवाज मिळाला.

मला तो शोक आणि हा जल्लोष, दोन्ही सारखेच घातक वाटतात. रवीश कुमार यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आपल्याबद्दल आहे. एक बरा चेहरा सापडला की त्याला चिकटायचं, तो गेला की रडायचं, मग दुसरा शोधायचा. याला आपण माध्यमांबद्दलची जागरूकता म्हणतो. ही नुसती प्रेक्षकगिरी आहे.

टीव्हीबद्दलची नेहमीची कहाणी तुम्हालाही पाठ असेल. पूर्वी सलमा सुलतान होत्या, केसांत गुलाब खोवून बातम्या वाचणाऱ्या. ३१ ऑक्टोबर १९८४ च्या संध्याकाळी इंदिरा गांधींच्या हत्येची बातमी त्यांनी आवाज न चढवता दिली. मुंबई दूरदर्शनवर प्रदीप भिडे, अनंत भावे, भक्ती बर्वे होते, काही काळ स्मिता पाटीलसुद्धा. मग प्रणय रॉय, विनोद दुआ, एस. पी. सिंह आले. काय ती भाषा, काय ती तहजीब! आणि त्यानंतर ही नवी कार्टी आली, ओरडायला लागली आणि सगळं नासलं. घरात अब्बू हेच सांगतात, ऑफिसच्या कँटीनमध्येही हेच ऐकू येतं.

यातलं अर्धंच खरं आहे. दूरदर्शन हे सरकारी खातं होतं. १९९७ मध्ये प्रसार भारती स्थापन होईपर्यंत त्याला कागदोपत्रीसुद्धा स्वायत्तता नव्हती. ज्या शांत आवाजाच्या आठवणीने आपण हळवे होतो, तो आवाज सरकारला चालेल असाच कागद वाचत होता. वाचणाऱ्यांचा दोष नाही, त्यांनी आपलं काम उत्तम केलं. पण आवाज शांत आहे म्हणून बातमी खरी, हा हिशोब कुठला?

हे पटत नसेल तर २००६ साल आठवा. ८ सप्टेंबरला, जुम्म्याच्या दिवशी आणि शब-ए-बारातला, मालेगावच्या कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. तीसहून अधिक माणसं गेली. मेले ते मुसलमान आणि पकडले गेले तेही मुसलमान. त्या नऊ जणांना जामीन मिळायला २०११ उजाडलं. एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं, तोपर्यंत त्यांच्यातला एक जण वारला होता. त्याच वर्षीच्या ११ जुलैच्या मुंबई लोकल स्फोटांत ज्या बारा जणांना शिक्षा झाली होती, त्या सगळ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ ला निर्दोष ठरवलं. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, तो भाग वेगळा. प्रश्न असा आहे की २००६ मध्ये पडद्यावर कोण होतं? रिपब्लिक नव्हतं. टाइम्स नाऊ नुकतंच सुरू झालं होतं. ज्यांच्या नावाने आज आपण उसासे टाकतो, ती पिढी तेव्हा ऐन भरात होती. 'मास्टरमाइंड', 'मॉड्यूल', 'स्लीपर सेल' हे शब्द याच काळात घराघरांत पोचले. सभ्य भाषेत, नीट इस्त्री केलेल्या कोटात पोचले. पोलिसांनी जे सांगितलं ते रात्री बातमी म्हणून आलं. त्या मुलांच्या सुटकेला अटकेच्या बातमीइतकी जागा मिळाली का, हे ज्याने त्याने आठवून बघावं.

प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी २०११ मध्ये करण थापर यांना दिलेल्या मुलाखतीत हेच बोलून दाखवलं होतं. कुठे स्फोट झाला की तासाभरात चॅनेल एखाद्या मुस्लिम नावाच्या संघटनेचा ईमेल आल्याचं दाखवतात आणि सगळ्या मुसलमानांना दहशतवादी ठरवून टाकतात, असा त्यांचा आरोप होता. २०११ मध्ये. म्हणजे आपण ज्याला 'गोदी मीडिया' म्हणतो तो शब्द जन्मण्याच्या कितीतरी आधी.

बरं, ही ओरडणारी पिढी आली कुठून? अर्णब गोस्वामी टाइम्स नाऊच्या आधी एनडीटीव्हीत होते, प्रणय रॉय यांच्याच शाळेत तयार झालेले. 'आज तक' हे नाव १९९५ मध्ये दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवरच्या वीस मिनिटांच्या बातमीपत्राचं होतं, एस. पी. सिंह यांनी ते नावारूपाला आणलं. आज त्या नावाखाली चोवीस तास काय चालतं ते तुम्ही बघताच. आणि २०२५ मध्ये डीडी न्यूजने प्राइम टाइमचा कार्यक्रम दिला तो सुधीर चौधरी यांना. सलमा सुलतान यांच्या दूरदर्शननेच. तेव्हा जुने सज्जन, नवे दुर्जन ही वाटणी कामाची नाही. चौधरी काही कालचं पोर नव्हेत, आणि नव्या पिढीत इमानाने काम करणारी मुलं-मुलीही आहेत.

बदललं ते खुर्चीचं गणित. एक बातमीदार मालेगावला किंवा परभणीला पाठवायचा तर त्याचा पगार, कॅमेरामन, गाडी, मुक्काम, चार दिवस. आणि चार दिवसांनी तो म्हणू शकतो की साहेब, बातमी तुम्हाला वाटत होती तशी नाहीये. डिबेटला यातलं काही लागत नाही. एक स्टुडिओ, एक अँकर आणि पडद्यावर सहा-आठ चौकटी. विषय सकाळी ठरतो, निष्कर्ष त्याहून आधी. रोज एक तास भरतो आणि खर्च नगण्य. ज्या दिवशी चॅनेलांच्या मालकांना हे कळलं, त्या दिवशी बातमीदाराची नोकरी गेली आणि अँकर 'ब्रँड' झाला. ब्रँडला अनुभव लागत नाही, ओळख लागते. वीस वर्षं जिल्हे पालथे घातलेला माणूस महाग पडतो आणि उलट प्रश्नही विचारतो.

सगळा दोष टीआरपीवर टाकायची आपल्याला सवय आहे. पण ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा गुन्हा दाखल केल्यावर बार्कने बातम्यांच्या चॅनेलांचं रेटिंग थांबवलं, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं. जवळपास सतरा महिने आकडेच येत नव्हते. त्या काळात आवाज खाली आला? उलट हिजाबचा सगळा तमाशा त्याच काळातला. याचा अर्थ असा की हा आरडाओरडा प्रेक्षक मागतात म्हणूनच चालतो असं नाही, मालकाला परवडतो म्हणूनही चालतो. आणि मालकाचे टीव्हीच्या बाहेर बरेच उद्योग असतात. २०१४ मध्ये नेटवर्क १८ रिलायन्सकडे गेलं, त्याच वर्षी निखिल वागळे आयबीएन लोकमतमधून बाहेर पडले. ऑगस्ट २०२२ मध्ये अदानी समूहाने एनडीटीव्हीचा ताबा घेण्याची घोषणा केली, तिथून रवीश यांच्या राजीनाम्यापर्यंत जेमतेम तीन महिने. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एखादा भाग काढून त्या जागी दुसरा बसवला आणि बाकी सिस्टिमला पत्ताही लागला नाही, तर आम्ही खूश होतो. चॅनेलच्या सिस्टिममध्ये अँकर हा तसा भाग आहे. चांगला अँकर हा तिथे राहून गेलेला बग होता, मालकाने तो दुरुस्त केला.

या सिस्टिममध्ये आपणही एक भाग पुरवतो. तो म्हणजे पॅनेलवरचे मौलाना. टोपी, दाढी, मागे पुस्तकांचं कपाट, आणि तलाकपासून मंगळयानापर्यंत कशावरही बोलायची तयारी. त्यांना ओरडायला बोलावलेलं असतं आणि ते ओरडतात. दुसऱ्या दिवशी ती क्लिप देशभर फिरते: बघा, मुसलमान असे असतात. कुठल्या मदरशाने, कुठल्या मशिदीने, कुठल्या मोहल्ल्याने यांना आपला प्रतिनिधी म्हणून निवडलं? जून २०२२ मध्ये, नूपुर शर्मा प्रकरण पेटल्यावर, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने उलेमांना अशा चर्चांना जाऊ नका असं जाहीर आवाहन केलं. बोर्डाशी माझं फारसं पटत नाही (त्यावर इथेच पुन्हा कधीतरी), पण हे आवाहन शंभर टक्के बरोबर होतं. तरी त्या चौकटी काही रिकाम्या राहिल्या नाहीत.

आपला माणूस अँकरच्या खुर्चीत बसला की प्रश्न सुटेल, हा दुसरा भ्रम. सप्टेंबर २०२३ मध्ये विरोधी पक्षांच्या इंडिया आघाडीने चौदा अँकरांच्या कार्यक्रमांना न जाण्याचं ठरवलं, त्या यादीत रुबिका लियाकत यांचंही नाव होतं. त्यांची निवड त्यांनी केली, मला त्यांच्या ईमानाची तपासणी करायची नाही. मुद्दा एवढाच की त्या खुर्चीवर सलमा बसली की सीमा, याने संहितेत एक ओळ बदलत नाही.

आता यूट्यूबकडे येऊ, कारण तुमच्यापैकी बहुतेकांची खरी श्रद्धा तिथे आहे. ध्रुव राठी तर इंजिनिअर, म्हणजे आमच्याच बिरादरीतला. त्याने मेहनतीने, आकडे आणि नकाशे घेऊन, हिंदीत समजावून सांगायची एक पद्धत बसवली आणि दोन कोटींच्या वर सबस्क्रायबर मिळवले. हे लहान काम नाही. पण कुठलीही रेकमेंडेशन सिस्टिम बांधताना पहिला प्रश्न असतो, मोजायचं काय. जे मोजाल तेच वाढतं. यूट्यूबने २०१२ मध्ये नुसत्या व्ह्यूजऐवजी माणूस किती वेळ बघत बसतो याला महत्त्व द्यायला सुरुवात केली. व्हिडिओ खरा आहे की खोटा, हे त्या मापात येत नाही. रागावलेला माणूस जास्त वेळ बघतो, घाबरलेला त्याहून जास्त. तुम्ही रवीश यांचा व्हिडिओ बघता आणि तुमचा शेजारी विष ओकणाऱ्या कुणाचा तरी, पण दोघांच्या खाली चाललेलं गणित तेच आहे. ते तुम्हा दोघांना समोरासमोर आणत नाही. तुमच्या पडद्यावर तुम्ही रोज जिंकता आणि त्याच्या पडद्यावर तो.

या गणिताने आपल्या माणसांचं काय केलं तेही बघा. गेल्या काही वर्षांत आपल्याच मुलांनी काढलेली चॅनेल उघडा. लाल बाण, रडणाऱ्या आईचा चेहरा, 'मुसलमानो, अब भी न जागे तो', आत दहा मिनिटांत एकही नवी माहिती नाही, दुसऱ्याने काढलेली क्लिप आणि त्यावर आवाज. जिथे घटना घडली तिथे कुणी गेलेलं नाही, कुणाला फोन केलेला नाही, एफआयआर वाचलेली नाही. नोएडाचा स्टुडिओ आपल्या भीतीवर पैसे कमावतो म्हणून आपण चिडतो. मग भिवंडीतल्या खोलीतून आपल्याच भीतीवर पैसे कमावणाऱ्याला 'कौम की आवाज' का म्हणतो?

शिवाय एका चेहऱ्यावर उभं असलेलं चॅनेल एका आदेशात बंद करता येतं. एप्रिल २०२५ मध्ये, पहलगामच्या हल्ल्यानंतर, ४ पीएम हे यूट्यूब चॅनेल सरकारी आदेशाने बंद झालं आणि त्यांना सर्वोच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली. पुढे ते पुन्हा सुरू झालं. प्रत्येकाच्या नशिबात तेवढं बळ नसतं.

मग अंगावर आलेली वेळ निभावली कुणी? २०२० चा उन्हाळा आठवा. मार्चअखेर निजामुद्दीनच्या मरकजची बातमी आली आणि 'कोरोना जिहाद' सुरू झाला. भाजीवाल्यांची नावं विचारली जाऊ लागली, आधार कार्ड बघून टोमॅटो घेतले जाऊ लागले. एप्रिलमध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाने ठार मारले, आणि लगेच त्यालाही हिंदू-मुसलमान रंग द्यायचा प्रयत्न झाला. तो थांबला तो एका कोरड्या कागदामुळे. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादीच जाहीर केली आणि सांगितलं की यात एकही मुसलमान नाही. गावाचं नाव, माणसांची नावं, तारीख. संपलं. कुणी भाषण केलं नाही, मागे संगीत वाजलं नाही.

मरकजच्या बाबतीत तेच काम मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने केलं. अहमदनगर जिल्ह्यात दाखल झालेले गुन्हे रद्द करून मागणाऱ्या याचिका तिथे होत्या, त्यात २९ परदेशी नागरिक होते. २१ ऑगस्ट २०२० ला खंडपीठाने ते गुन्हे रद्द केले. छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांनी या परदेशी पाहुण्यांविरुद्ध मोठा प्रचार केला, त्यांना बळीचा बकरा केलं गेल्यासारखं दिसतं, अशी नोंद त्या निकालात आहे. खंडपीठातल्या दुसऱ्या न्यायमूर्तींना काही निरीक्षणं मान्य नव्हती, त्यांनी तसं नमूद केलं, पण गुन्हे रद्द करण्यावर दोघांचं एकमत होतं. हा निकाल आपल्या राज्यातला आणि आपल्याच एका जिल्ह्याबद्दलचा आहे. त्यावरचे व्हिडिओ तुम्ही बघितले असतील. निकाल किती जणांनी वाचला?

तिसरं उदाहरण वसईचं. श्रद्धा वालकर ही वसईची मुलगी, तिचा खून दिल्लीत झाला, आरोपी मुसलमान. खून हा खून आहे, गुन्हेगाराला शिक्षा व्हायलाच हवी, यात आपल्याला कुणी शिकवण्याची गरज नाही. पण काही अँकरांनी त्याचं 'लव्ह जिहाद' करून टाकलं आणि प्रत्येक मुसलमान पोराला आरोपी केलं. २८ फेब्रुवारी २०२४ ला वृत्तवाहिन्यांच्या एनबीडीएसए या स्वनियमन संस्थेने, न्यायमूर्ती सिक्री यांच्या अध्यक्षतेखाली, आदेश काढले. न्यूज १८ इंडियाला या प्रकरणावरच्या कार्यक्रमांसाठी ५० हजारांचा दंड. टाइम्स नाऊ नवभारतला 'लव्ह जिहाद'वरच्या दुसऱ्या एका कार्यक्रमासाठी एक लाखाचा. रामनवमीच्या हिंसाचारावरच्या कार्यक्रमासाठी आज तकला तंबी. आणि सात दिवसांत हे व्हिडिओ इंटरनेटवरून काढून टाका, असा हुकूम.

एक लाख म्हणजे या चॅनेलांना चहापाण्याचा खर्च, हे मला मान्य आहे. या संस्थेची सत्ता फक्त तिच्या सभासद वाहिन्यांपुरती, हेही मान्य. पण व्हिडिओ निघाले, आणि चूक झाली हे नावानिशी, कार्यक्रमानिशी कागदावर आलं. उद्या कुणी कोर्टात गेला तर तो कागद जोडता येतो. ही तक्रार कुणी केली होती? इंद्रजित घोरपडे या एका कार्यकर्त्याने. जमातीच्या लेटरहेडवर नाही, शिष्टमंडळ घेऊन नाही. त्याच वेळी आपण काय करत होतो? त्याच कार्यक्रमांच्या क्लिपा 'बघा, किती जहर!' असं लिहून एकमेकांना पाठवत होतो आणि त्यांचे व्ह्यूज वाढवत होतो.

म्हणून मला नवा रवीश नको आहे. मला तालुक्या-तालुक्यात मराठीत बातमी लिहिणारी पन्नास मुलं-मुली हव्या आहेत, ज्यांचा चेहरा कुणाला माहीत नसेल तरी चालेल. हमीद दलवाई 'मराठा'त पत्रकार होते. त्यांचे विचार पटोत न पटोत, मराठी वर्तमानपत्राच्या टेबलावर एक मुसलमान बसून बातमी करतो ही गोष्ट तेव्हाही शक्य होती. आज आपल्या घरात मुलगी पत्रकारितेला जाते म्हणाली की आधी पगार विचारतात, मग सुरक्षिततेचं काय म्हणतात, आणि शेवटी तिला बीसीएला घालतात. माझ्या ओळखीतल्या निम्म्या घरांत हे झालंय. पगार कमी आहे आणि धोका आहे, दोन्ही खरं. मग जो पैसा आपण इज्तिमाच्या मंडपाला आणि इफ्तार पार्टीच्या बॅनरला देतो, त्यातला थोडा अशा दोन मुलींच्या वर्षभराच्या प्रवासखर्चाला द्यायला काय हरकत आहे?

आणि ज्याला बातमीदार व्हायचं नाही, त्याने निदान तक्रारदार व्हावं. इंजिनिअर पोरांना हे जड जाऊ नये, बग रिपोर्ट लिहिता येतो त्याला तक्रारही लिहिता येते. चॅनेलचं नाव, कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ, कितव्या मिनिटाला कोण काय बोललं ते शब्दशः, खालच्या पट्टीवर काय लिहिलं होतं, कोणता नियम मोडला. शिव्या नकोत, कुराणाच्या आयती नकोत, 'आमच्या भावना दुखावल्या' तर अजिबात नको. पहिली तक्रार चॅनेलकडेच करायची. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढे एनबीडीएसएकडे. क्लिप आधी उतरवून ठेवा, ती नंतर गायब होते. आणि चॅनेलकडच्या तक्रारीला मुदत सात दिवसांची असते, ती कार्यक्रम दाखवला त्या दिवसापासून मोजतात, तुमच्या ग्रुपवर क्लिप आली त्या दिवसापासून नाही.